दिवस, रात्र आणि अडीनडी

आमच्या विंडोज ९८ मध्ये डायल-अप नेटवर्किंग, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडायचं, नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात तीन कनेक्शनं नांदत होती. बाबांनी त्यांची बारशी केली होती: दिवस, रात्र आणि अडीनडी. अर्थात रोमन लिपीत.

फोन मात्र एकच. १५ ऑगस्ट १९९५ ला सरकारी विदेश संचार निगमनं लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा दुसरं दुकानच नव्हतं. १९९८ च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि दोनेक वर्षांत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही इंटरनेटच्या तासांची कार्डं विकायला आली. नाण्यानं खरवडायचं, खाली पासवर्ड. एका कंपनीचे रात्रीचे तास स्वस्त, दुसरीचा नंबर दिवसा पटकन लागायचा. तिसरं कार्ड कुणीतरी भेट दिलेलं. फोनच्या बिलाला या चतुराईचं काही नव्हतं, ते दर तीन मिनिटांना एक कॉल मोजत बसायचं.

'मेक न्यू कनेक्शन' वर दोनदा टिचकी, नंबर, नाव, पासवर्ड, झालं. निदान मला तसं वाटलं. 'सर्व्हर टाइप्स' मध्ये जाऊन टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटची भाषा, सोडून बाकीच्या खुणा काढल्या, तेव्हा तर स्वतःला इंजिनिअरच समजलो. 'दिवस' सुरळीत चालू. 'रात्र' लावलं, तर कोपऱ्यातले दोन चिमुकले कॉम्प्युटर लुकलुकतायत, वेग ४४,००० दाखवतोय आणि पान एकही उघडत नाही. दोन रात्री गेल्या. बाबा मागे उभे राहून तीन-तीन मिनिटं मोजत होते, तोंडानं.

घोळ माझाच होता. 'दिवस'चे डीएनएसचे, म्हणजे साइटचा पत्ता सांगणाऱ्या कॉम्प्युटरचे, आकडे मी उत्साहाच्या भरात कंट्रोल पॅनेलमध्ये भरले होते, आणि तिथले आकडे सगळ्या कनेक्शनांना लागू होतात. म्हणजे 'रात्र' बिचारी प्रत्येक साइटचा पत्ता विचारायला 'दिवस'च्या दारात जायची आणि तिथे परक्याला कुणी दार उघडत नव्हतं. आकडे तिथून पुसले, ज्याचे त्याच्या कनेक्शनमध्ये भरले, आणि पान उघडलं. अर्धंच, पण उघडलं.

मेलची तऱ्हा आणखी निराळी. आलेली पत्रं कुठल्याही कनेक्शनवरून उतरवून घेता यायची. पाठवताना मात्र मेल ज्या कंपनीची, तिच्याच लाइनवरून यावं लागे. दुसऱ्याच्या दारानं आलेल्याचं टपाल ती घेत नसे, फुकट्या जाहिरातवाल्यांच्या भीतीनं. आत्या न्यू जर्सीला. बाबा तिला स्वस्तात म्हणून रात्री लिहायचे आणि पत्र आउटबॉक्समध्ये पडून राहायचं, दुसऱ्या दिवशी 'दिवस' लागेपर्यंत. "एवढं करून टपालपेटीच की ही," आई म्हणाली. तिला तेवढ्यात फोन हवा असायचा, आणि ते वाक्य खरंतर त्यासाठी होतं.

वापरलेल्या तासांचा हिशेब दुधाच्या वहीत, मागच्या पानावर. तीन रकाने. 'अडीनडी'चा रकाना जवळजवळ कोराच. वापरायची वेळ आलीच नाही असं नाही, पण दर वेळी बाबा म्हणायचे, राहू दे, लागेल कधीतरी. कार्डाची मुदत संपली तेव्हा सहा तास शिल्लक होते. मी ते चिन्ह पुसायला निघालो, तर त्यांनी माऊसवरचा माझा हात धरला.

"असू दे. खायला मागतंय का?"