चिंगी आणि भुऱ्या : ओळख करून देतानाच्या नोंदी

नव्या पिल्लाची घरातल्या जुन्या मांजराशी ओळख करून देताना बहुतेक जण प्रगती मोजतात ती फिसकारण्यावरून. आमच्या घरी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून चाललेल्या या कामात मी दुसरी मोजपट्टी धरली आहे आणि ती मला अधिक भरवशाची वाटते : जुन्या मांजराचे खाणे, झोप, अंग चाटणे आणि वाळूच्या पेटीचा वापर नेहमीसारखा चालू आहे की नाही. या चार गोष्टी जागेवर असतील तर थोड्याफार फिसकारण्याने घाबरू नये, कारण ‘लांब राहा’ एवढेच मांजराला त्यातून सांगायचे असते. यातली एक जरी बिघडली, तर दोघे वरवर शांत दिसत असले तरी थांबावे.

चिंगी सहा वर्षांची, नसबंदी झालेली, करड्या पट्ट्यांची मांजरी. ठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती आजवर एकटीच राहिली. भुऱ्या हा सोसायटीच्या पंपघरामागे सापडलेला बोका. वजन आणि दात पाहून डॉक्टरांनी त्याचे वय दोन महिन्यांच्या आसपास ठरवले. घर लहान असले तरी ओळख सावकाश करता येते हे मला आवर्जून सांगायचे आहे, कारण वेगळी खोली नाही म्हणून पुष्कळ जण पहिल्याच दिवशी पिल्लू जुन्या मांजरासमोर आणून ठेवतात. आम्ही झोपायची खोली भुऱ्याला दिली आणि स्वतःच्या गाद्या बाहेर घातल्या. चिंगीची खिडकी, तिचे कपाट आणि तिची वाळूची पेटी हे सगळे बाहेरच्या खोलीत असल्याने तिच्या रोजच्या वावरातले फारसे काही हिरावले गेले नाही. कोणती खोली द्यायची हे ठरवताना आपल्या सोयीपेक्षा हाच विचार आधी करावा.

दार बंद ठेवण्याचे पहिले कारण आरोग्याचे होते. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य आजार पिल्लांच्या जिवावर बेततो, त्याची लक्षणे दिसायला आठवडा-दीड आठवडाही जाऊ शकतो आणि हा विषाणू हात, कपडे व चपलांवरून दुसऱ्या खोलीत पोचतो. म्हणून किमान दोन आठवडे पिल्लू वेगळे ठेवावे, जुन्या मांजराचे लसीकरण वेळेवर झाले आहे याची खात्री करावी, आणि पिल्लाच्या खोलीसाठी वेगळी भांडी, वेगळा झाडू व वेगळ्या चपला ठेवाव्यात. याच काळात भुऱ्याची ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा) या विषाणूंसाठी रक्ततपासणी झाली, जंताचे औषध झाले आणि पहिली लस टोचून झाली. तो सोळा आठवड्यांचा होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस द्यायचे आहेत. एक गोष्ट कळकळीने सांगतो : जंतुनाशक म्हणून या खोलीत फिनाइल वापरू नये. फिनॉल वर्गातल्या रसायनांचा निचरा करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात दुबळी असते आणि पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतेच. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त पिसवांचे औषध तर मांजरासाठी सरळ विषच आहे.

दुसरे कारण हद्दीचे. आपल्या घरातले मांजर आफ्रिकी रानमांजरापासून आले, हे २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासाने स्पष्ट केले. तो प्राणी एकट्याने शिकार करणारा आणि आपला इलाखा वासाने आखणारा. चिंगी दाराची चौकट, खुर्चीचा पाय आणि आमच्या पोटऱ्या गाल घासून रोज नव्याने ‘आपल्या’ करते, ती याच वारशाने. त्यामुळे भुऱ्या तिला दिसण्याआधी त्याचा वास तिच्या घराचा भाग व्हायला हवा होता.

त्यासाठी जुन्या गोधडीचे दोन तुकडे कापले. एक भुऱ्याच्या खोक्यात अंथरला, दुसरा चिंगीच्या कपाटावर, आणि दोन-तीन दिवसांनी त्यांची अदलाबदल केली. भुऱ्याचा तुकडा चिंगीच्या ताटलीजवळ कधीच ठेवला नाही. खोलीच्या मध्यावर ठेवून ती स्वतः येण्याची वाट पाहिली. ती आली, नाक टेकवले, मग तोंड अर्धवट उघडून वरचा ओठ किंचित मागे ओढला आणि क्षणभर तशीच थिजून राहिली. अनेकांना हा राग वाटतो. प्रत्यक्षात मांजर त्या वेळी वास वरच्या पुढच्या दातांमागच्या छिद्रांतून टाळूवरच्या, वास ओळखणाऱ्या जेकबसनच्या अवयवापर्यंत पोचवत असते. त्यानंतर ती फिसकारली आणि कपाटावर जाऊन झोपली. रात्री तिने नेहमीइतके खाल्ले, म्हणून आम्ही पुढे गेलो. काही दिवसांनी ती त्याच तुकड्यावर पाय दुमडून बसू लागली.

जेवणाचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी ताटल्या ठेवायच्या, पण सुरुवात दाराला खेटून करायची नाही. चिंगीला काटे काढलेला उकडलेला बांगडा जिवापाड आवडतो. तो आता फक्त याच वेळी मिळतो. ती एक कान दाराकडे वळवून खात असे. दोन्ही कान पुढे आले आणि घास घाईने न गिळता चावले जाऊ लागले, की दुसऱ्या दिवशी ताटली वीतभर पुढे सरकवायची. खाण्यावर एवढा भर देण्याचे वैद्यकीय कारणही आहे : मोठ्या, विशेषतः स्थूल मांजराने काही दिवस अन्न टाकले तर यकृतात चरबी साचून प्रकृती गंभीर होते. मनावरचा ताण मूत्राशयावरही उतरतो. वारंवार पेटीत जाऊन थेंब-थेंब लघवी होणे किंवा लघवीत रक्त दिसणे, ही लगेच दवाखाना गाठण्याची लक्षणे आहेत. आमच्याकडे पेट्या तीन आहेत, मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि त्या एकमेकींपासून लांब आहेत.

मधल्या काळात रोज तासभर खोल्यांची अदलाबदल केली, म्हणजे चिंगीने भुऱ्याची खोली हुंगून काढायची आणि भुऱ्याने बाहेरची. मग डासांसाठी बसवलेला जाळीचा दरवाजा कामाला आला. जाळी स्टीलची असावी. नायलॉनची जाळी पिल्लू नख्यांनी फाडते. इथे काम अडले. भुऱ्या जाळीला लोंबकळू लागला, चिंगी ना गुरगुरली ना फिसकारली, पण तिने कपाट सोडून पलंगाखाली बसायला सुरुवात केली आणि दुपारचे अंग चाटणे जवळजवळ बंद केले. फिसकारण्यावरून पाहिले असते तर तो आमचा सर्वांत चांगला आठवडा ठरला असता. आम्ही जाळीवर चादर टाकली, ती खालून चार बोटे उचलून ठेवली आणि चिंगी पुन्हा कपाटावर झोपू लागल्यावरच चादर रोज थोडी-थोडी वर घेतली.

प्रत्यक्ष भेटीआधी भुऱ्याला काठीला बांधलेल्या पिसाच्या खेळण्याने भरपूर पळवायचे आणि जेऊ घालायचे, म्हणजे तो तिच्या शेपटीच्या मागे लागत नाही. मी दोघांच्या मध्ये जमिनीवर बसतो आणि चिंगीकडे पाहून डोळे सावकाश मिटतो व उघडतो. २०२० साली ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजरे याला तसाच प्रतिसाद देताना आढळली होती, आणि चिंगीही देते. कपाटाची वाट नेहमी मोकळी ठेवली आहे, कारण भुऱ्याला अजून तिथवर उडी मारता येत नाही आणि वर निघून जाण्याची मुभा असलेले मांजर सहसा अंगावर धावून जात नाही.

सध्या दोघे रोज दोन-तीन वेळा एकत्र असतात. पाठलाग होतो, पण पाळी बदलते, नख्या बाहेर येत नाहीत आणि आवाज नसतो. म्हणून तो खेळ समजतो. कान मागे चपटे झाले, खर्जातली गुरगुर सुरू झाली किंवा एकच जण सतत पळत राहिला, तर मध्ये पुठ्ठा सरकवतो. हात कधीही घालत नाही. चिंगीने एकदा त्याच्या कपाळावर जीभ फिरवली आणि लगेच चापटही दिली. मला दोन्ही गोष्टी समाधानकारक वाटल्या, कारण पिल्लाला मर्यादा मोठे मांजरच नीट शिकवते. रात्री आणि आम्ही बाहेर असताना दार अजून बंदच असते.

पुढची परीक्षा भुऱ्याच्या नसबंदीची आहे. डॉक्टरांनी पाचव्या महिन्याच्या सुमारास बोलावले आहे. दवाखान्यातून परतलेल्या मांजराच्या अंगाला औषधांचा वास येतो आणि घरातले मांजर त्याला अनोळखी समजून हल्ला करू शकते. म्हणून त्या दिवशी तो पुन्हा झोपायच्या खोलीत राहील, त्याच्या खोक्यात चिंगीची गोधडी असेल, आणि दुसऱ्या दिवशीचे जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना होईल.