अल्कोहोल मार्करचे रंग, आपलं ऊन आणि आजीच्या घराचं चित्र

अल्कोहोल मार्करचा, म्हणजे अल्कोहोलमधली शाई भरलेल्या रंगीत पेनाचा, रंग उजेडात टिकत नाही. ही काही लपवलेली गोष्ट नाही, चांगल्या कंपन्या स्वतःच तसं सांगतात. जपानच्या टू कंपनीने 1987 मध्ये कॉपिक मार्कर आणले, ते मुख्यतः डिझाइन आणि चित्रकथा करणाऱ्यांच्या हातात गेले. त्यांचं चित्र छापून लोकांपर्यंत पोचायचं आणि मूळ कागद कपाटात राहायचा. भिंतीवर वर्षानुवर्षं राहण्यासाठी ती शाई बनलेलीच नव्हती. हे माहीत असूनही मी मार्करनेच एक चित्र करायला घेतलं आणि ते भिंतीवरच लागणार होतं. ते कसं निभावलं ते नीट लिहिते. जळगाव-धुळ्याकडे मार्कर वापरणारी मुलं-मुली आता पुष्कळ आहेत आणि आपल्याकडचं ऊन काय चीज आहे ते आपल्यालाच ठाऊक.

चित्र होतं आजीच्या घराचं. अमळनेर तालुक्यातलं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, मातीच्या जाड भिंती, त्यांना बाहेरून फिकट गुलाबी रंग, निळं दार, अंगणात कडुनिंब आणि कुंपणावर बोगनवेल. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की घर पाडायचं, मामा त्या जागी स्लॅबचं बांधणार, हे ठरलेलं होतं. आजीने मला सांगितलं, की घराचं चित्र काढून दे, पण नुसतं ठेवायला नको. ‘माले भिंतवर लावनं शे, पेटीमा ठेवाकरता नही.’ आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘रंग टिकी का माय?’ श्रावणात कानबाईच्या सणाला सगळं गोत जमतं, तेव्हा ते चित्र भिंतीवर दिसायला हवं होतं.

जलरंगात करता आलं असतं. पण त्या गुलाबी भिंतीचा सपाट, कुठेही ब्रश न दिसणारा रंग, त्यावर कडुनिंबाची सावली, दाराच्या फळ्यांच्या सरळ रेघा हे सगळं मार्करमध्ये जसं उतरतं तसं माझ्या हातून दुसऱ्या कशातच उतरत नाही. कागद फुगत नाही. एक थर वाळला की त्याच मार्करने दुसरा थर दिला तर रंग एक पायरी गडद होतो, म्हणजे एका गुलाबी मार्करात ऊन आणि सावली दोन्ही निघतात. ओल्यावर ओलं चालवलं की दोन रंगांमधली सीमा विरघळून जाते. मला हे माध्यम मनापासून आवडतं आणि टिकत नाही म्हणून ते सोडून द्यावं असं मला कधीच वाटलं नाही. टिकवण्याची वेगळी सोय करावी लागते, इतकंच.

रंग का उडतो, हे आधी समजून घेतलं. रंगद्रव्याचे दोन प्रकार. एक पिग्मेंट, म्हणजे न विरघळणारी बारीक भुकटी, जी शाईत तरंगत असते. दुसरा डाय, जो साखर पाण्यात विरघळावी तसा पुरता विरघळलेला असतो. मार्करमध्ये अल्कोहोलात विरघळलेला डाय असतो, म्हणून तर तो इतका गुळगुळीत वाहतो आणि कागदाच्या धाग्यात शिरतो. पण डायचा एकेक रेणू सुटा आणि उघडा असतो. उजेड त्या रेणूवर पडला, हवेतला ऑक्सिजन सोबतीला आला, की रेणूचा रंग दाखवणारा भाग तुटत जातो. पिग्मेंटच्या कणात असंख्य रेणू घट्ट बसलेले असतात, वरचे गेले तरी आतले शाबूत राहतात. अजिंठा आपल्या जळगावपासून जेमतेम साठ किलोमीटर. तिथल्या भिंतींवर गेरू, पिवळी माती, हिरवी माती आणि अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आलेला लाजवर्द हा निळा दगड असे खनिज रंग आहेत. पाचव्या शतकातला निळा आजही निळा दिसतो. रंग खनिजाचे आणि लेण्यांतला अंधार, दोन्हींनी मिळून ते राखलं.

मार्करच्या बाबतीत ढोबळ माहिती मला पुरेशी नव्हती. माझ्याकडच्या नेमक्या कोणत्या मार्करचा रंग किती उडतो ते पाहायचं होतं. रंगाच्या ट्यूबवर पिग्मेंटचा क्रमांक छापलेला असतो, पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन, पीआर 101 म्हणजे लोहाचा तांबडा. मार्करवर असं काही नसतं. म्हणून संक्रांतीला जाड मार्कर पेपरच्या लांब पट्ट्या कापल्या, चित्रात लागणाऱ्या प्रत्येक रंगाचे चौकोन भरले, निम्मा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून चिमटे लावले आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवल्या. तशाच पट्ट्यांचा दुसरा संच समोरच्या, ऊन न पडणाऱ्या भिंतीवर लावला, तिसरा कपाटात वहीत. आखाजीला सगळं काढून ओट्यावर मांडलं.

खिडकीतला फिकट गुलाबी पूर्ण गेला होता. पुठ्ठा उचलल्यावर झाकलेल्या भागात नीट गुलाबी आणि उघड्या भागात कोरा कागद, मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ. गडद गुलाबी म्हणजे बोगनवेलीसाठीचा, तो मळकट पिवळट झाला. जांभळ्याचा निळसर राख झाला. करड्या रंगांनी मात्र मला थांबवलं. करडा मार्कर नुसत्या काळ्याचा पातळ केलेला नसतो, त्यात दोन-तीन डाय मिसळलेले असतात आणि ते एकाच वेगाने उडत नाहीत. माझ्या एका थंड करड्यातला निळा राहिला नाही आणि तो तपकिरीकडे झुकला, म्हणजे सावलीच मातकट झाली. कडुनिंबाचा हिरवाही तसाच, त्यातला पिवळा आधी गेला आणि झाड निळं पडलं. दाराचा टर्कॉइज निळा मात्र जवळजवळ जसाच्या तसा. पानांच्या आणि फळ्यांच्या काळ्या रेघा पिग्मेंट शाईच्या फाइनलाइनरच्या, म्हणजे बारीक टोकाच्या पेनाच्या होत्या, त्यांना काहीच झालं नव्हतं. ऊन न लागलेल्या भिंतीवरचा संचही फिका झाला होता, पण इतका हलका की शेजारी झाकलेला भाग नसता तर लक्षातही आला नसता. घरोघरी मार्करची चित्रं उडतात आणि कुणाला कळत नाहीत ती यामुळेच, तुलनेला जुना रंग समोर नसतो. वहीतला संच जसाच्या तसा होता.

एका पट्टीवर बाजारात मिळणारा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणं अडवणारा संरक्षक स्प्रे मारून पाहिला होता. तिचा रंग थोडा सावकाश उडाला, पण उडालाच. डायला अतिनील किरणं तर मारतातच, पण साधा दिसणारा उजेडही मारतो, आणि दिसणारा उजेड अडवला तर चित्र पाहणार कसं? शिवाय स्प्रेतल्या द्रावकाने मार्करची कड जराशी पसरली. तो नाद मी सोडला.

संग्रहालयात कागदावरच्या नाजूक चित्रांना साधारण 50 लक्स उजेड ठेवतात, लक्स हे उजेड मोजायचं एकक. थेट उन्हात अंदाजे 1,00,000 लक्स असतात. उजेडाचं नुकसान प्रखरता गुणिले वेळ असं धरलं तर एक तास ऊन म्हणजे संग्रहालयातले 2000 तास, रोज 8 तास दालन उघडं धरलं तर 250 दिवस. हिशोब ढोबळ आहे, अतिनील किरणं आणि आपल्याकडची 44-45 अंशांची उष्णता त्यात धरलेली नाही. पण हा आकडा काढल्यावर मामांच्या घरातल्या दरवाजासमोरच्या भिंतीचा विचार मी मनातून काढून टाकला.

मग ठरलं असं, की मूळ चित्र मार्करनेच करायचं, हवे ते सगळे रंग मोकळेपणाने वापरायचे, ते लगेच स्कॅन करून अंधारात ठेवायचं आणि भिंतीवर पिग्मेंट शाईचा प्रिंट लावायचा. आजीला तसं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की प्रिंटमध्ये भिंतीचा रंग तोच दिसेल ना.

चित्र मे महिन्यात केलं आणि त्याची वेगळीच कसरत झाली. दुपारी पंख्याखाली अल्कोहोल इतक्या झपाट्याने उडतं की मोठी भिंत भरताना ओली कड हातात राहत नाही, पट्टे पडतात. कूलर लावला तर खोली दमट होते, कागद ओल धरतो आणि रंग रेघेबाहेर पसरतो. म्हणून पहाटे उठून, पंखा बंद ठेवून, आधी गुलाबी भिंत एका बैठकीत भरली. चौकोनी टोकाने एकाच दिशेने, मागची कड ओली असतानाच पुढचा पट्टा. खाली दुसरा जाड कागद ठेवला होता, कारण ही शाई आरपार जाते. मार्कर आडवेच ठेवते, म्हणजे दोन्ही टोकांना शाई सारखी राहते, आणि उन्हाळ्यात टोपण कट् असा आवाज होईपर्यंत दाबते. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत राहिलेला मार्कर आपल्याकडे एका मोसमात कोरडा पडतो.

शाई पूर्ण सुकू दिली आणि दुसऱ्या दिवशी स्कॅन केलं, 600 डीपीआयवर. चित्र ए3, स्कॅनर ए4, म्हणून दोन भागांत घेऊन संगणकावर जोडलं. स्कॅनरचा आपोआप रंग सुधारण्याचा पर्याय बंद ठेवावा लागतो, नाहीतर फिकट गुलाबी तो पांढराच करून टाकतो. फ्लुरोसंट मार्करचे रंग तर स्कॅनमध्ये खरे येतच नाहीत, म्हणून जे छापायचं आहे त्यात मी ते वापरत नाही.

खरी धावपळ प्रिंटची. जळगावात दुकानं फिरले. फ्लेक्स, फोटो, व्हिजिटिंग कार्ड सगळं मिळतं, पण ‘शाई डाय आहे की पिग्मेंट?’ या प्रश्नाला उत्तर मिळेना. ‘ओरिजिनल शाई आहे ताई, काही होणार नाही,’ एवढंच. साध्या इंकटँक प्रिंटरमध्ये बरेचदा काळी शाई पिग्मेंट आणि रंगीत शाई डाय असते. तसा प्रिंट घेतला असता तर डायचं चित्र देऊन डायचंच चित्र घेतलं असतं. मग मी प्रश्न बदलला. प्रिंटरचं मॉडेल विचारायचं, घरी येऊन त्याची शाई कोणती ते शोधायचं. शेवटी नाशिकला कलावंतांचे प्रिंट काढणारे एकजण सापडले, त्यांच्याकडे पिग्मेंट शाईचा मोठा प्रिंटर आणि आम्लमुक्त सुती कागद होता. त्यांनी पूर्ण प्रिंटआधी फक्त भिंत, दार आणि बोगनवेल एवढ्याच तुकड्याचा नमुना काढून दिला. मूळ चित्र शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइट बंद करून पाहिला. भिंत जास्त नारिंगी आली होती. दुसऱ्या नमुन्यात ती जुळली, बोगनवेल मात्र मूळच्या इतकी झळझळीत आली नाही. छपाईत तेवढा तेजस्वी गुलाबी निघत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. भिंत बरोबर आली यावर मी समाधान मानलं, आजीने विचारलं होतं ते भिंतीबद्दलच.

फ्रेम जळगावातच केली. फ्रेमवाल्याला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. काच आणि कागद यांच्यात माउंटचं, म्हणजे कडेच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचं अंतर हवं, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. आणि मागे साधा पिवळा पडणारा पुठ्ठा नको, आम्लमुक्त बोर्ड हवा. तो त्याच्याकडे नव्हता, मी आणून दिला. यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक महाग पडत होतं म्हणून साधीच काच घेतली. साधी काच अतिनील किरणांतला बराचसा भाग आत सोडते, तेव्हा पिग्मेंट असलं तरी जागा जपूनच निवडली, माजघराची आतली भिंत, जिथे कुठल्याच वेळी ऊन येत नाही. कानबाईच्या आधी मामांनी खिळा ठोकला. आजी बराच वेळ दाराकडे बघत होती, मग म्हणाली की कडुनिंबाची फांदी अजून खाली यायची. ती बरोबर होती, मी फोटो छाटणीनंतरचा वापरला होता.

मूळ चित्र माझ्याकडे आहे. वर-खाली आम्लमुक्त कोरा कागद, मग पुठ्ठ्याची फाइल, आडवी, लाकडी कपाटात. दोन मार्करची चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवत नाही, डाय एकातून दुसऱ्यात उतरू शकतो. पीव्हीसीच्या चकचकीत पिशव्याही वापरत नाही. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकते आणि अधूनमधून त्या बदलते.

आता कुणी घराचं किंवा लग्नाचं चित्र मागितलं की आधी विचारते, कुठे लावणार? भिंतीवर म्हणाले तर मार्करची किंमत सांगतानाच पिग्मेंट प्रिंटचा खर्च धरते आणि मूळ चित्र सोबत फाइलमध्ये देते, मागे पेन्सिलीने लिहून, की हे उजेडात लावू नये. मूळच हवं असा आग्रह असेल तर जलरंगात करते, ट्यूबवरचे क्रमांक पाहून. तिथेही सगळे रंग टिकाऊ नसतात. पीआर 83 म्हणजे अस्सल ॲलिझरिन क्रिमसन उडतो, त्याऐवजी पीव्ही 19 घ्यावा. नवा मार्कर आणला की त्याचा चौकोन खिडकीतल्या पट्टीवर चढतो. सध्या तिथे दोन नवे हिरवे आहेत, कडुनिंबासाठी.