चकारातला च

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि संस्कृतच्या बाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही.

नववीत होते. बाई पुस्तकाबाहेरचा एक श्लोक समजावत होत्या, त्यात 'चकार', म्हणजे 'केलं', आलं. मी विचारलं, "बाई, धातू कृ, मग हा च कुठला?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं: गम् – जगाम, भू – बभूव, दृश् – ददर्श. या भूतकाळात धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं. त्यातल्या आधीच्या भागाला पाणिनीने 'अभ्यास' म्हटलंय, आणि अभ्यासातल्या कवर्गाचा चवर्ग होतो: कुहोश्चुः। "का होतो, ते मात्र मला ठाऊक नाही. तू शोध हं."

त्याच दिवशी सायकल स्टँडवर माझ्या सायकलची साखळी निसटली. बाईंनी पदर खोचला, साखळी बसवली, चाक गरकन फिरवलं आणि काळ्या बोटांनिशी तशाच थबकल्या. "अगं, चाक म्हणजे चक्र. इथेही आधी च, मग क!"

उत्तर सापडलं एम.ए.ला. संस्कृत आणि ग्रीक एकाच जुन्या भाषेतून आल्या, आणि तिथे अभ्यासातला स्वर मुळात 'ए' होता. ग्रीकमध्ये तो तसाच राहिला. आपलं 'ददर्श' तिथे 'देदोर्के'. आपल्याकडे त्या ए-मुळे क-चा च झाला, नंतर ए-चा अ झाला आणि च-चं कारणच पुसलं गेलं. १८७०च्या दशकात युरोपातल्या अनेक अभ्यासकांना हे जवळजवळ एकाच वेळी उमगलं. चक्रही असंच, 'फिरणे' या अर्थाच्या धातूच्या द्वित्वातून घडलेलं. ग्रीकमध्ये त्याचं 'कुक्लोस', आणि त्यावरूनच 'सायकल'. त्या संध्याकाळी बाईंच्या हातात एकच शब्द दोन रूपांनी होता!

आज मी भाषाविज्ञान शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावर बाईंचेच चार धातू लिहिते. परवा शाळेत गेले, तर स्टँडच्या जागी नवी इमारत उभी आणि संस्कृतचे तासही कमी झालेले. फार वाईट वाटलं.

उत्तर सापडलं त्याच रात्री मी बाईंना चार पानी पत्र लिहिलं होतं. उलट टपाली कार्ड आलं, एका ओळीचं: "मग जगाममधला जही तसाच का गं?"

हो बाई, तसाच.