टाटानगर–नोआमुंडी–झरिया: मोटार करू नका, रेल्वेनेच जा

आधी निकाल सांगतो. जमशेदपूरहून नोआमुंडीची लोहखनिजाची खाण बघायला मोटारीने जाऊ नका. माझा एक अख्खा दिवस, साडेआठ हजार रुपये आणि एक पांढरा शर्ट त्यात गेला. आज परतीच्या गाडीत बसून लिहितोय, अंग अजून ठणकतंय, तेव्हा शब्द जरा कडक आले तर समजून घ्या.

मी मूळचा वरोऱ्याचा. जमशेटजी टाटांना पोलादाचा कारखाना आधी आमच्या चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यात काढायचा होता. १८८२ साली तिथल्या लोखंडाविषयीचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याला खनिज होतं आणि वरोऱ्याला कोळसा होता. पण कोळसा परीक्षेत उतरला नाही. पुढे १९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी ओडिशातल्या मयूरभंजमधल्या गुरुमहिसाणीच्या लोहखनिजाविषयी पत्र टाटांना पाठवलं आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. आमचा कोळसा नेमका कशात कमी पडला, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं. गाडीवालाही म्हणाला, "सर, पास ही है, शाम तक वापस." साडेपाच हजार ठरले होते. चाईबासापर्यंत ठीक चाललं. झिंकपाणीचा सिमेंट कारखाना चुनखडीच्या खाणीला चिकटूनच उभा आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की छप्पन किलो चुना उरतो, बाकीचा वायू होऊन उडून जातो. उडून जाणाऱ्या वजनाचं भाडं कोण भरणार? हाट गम्हरियाच्या पुढे मात्र रस्ता संपला आणि हायवा, म्हणजे खनिज वाहणारे मोठे टिपर, सुरू झाले. समोरून खनिज भरलेले, मागून रिकामे, मध्ये आपण. लाल धूळ इतकी की दुपारी दिवे लावावे लागले. काचा बंद असूनही दात करकरत होते. शेवटच्या पन्नासेक किलोमीटरला तीन तास लागले. खाणीच्या फाटकावरून परत पाठवलं, कारण आधी लेखी परवानगी काढलेली नव्हती. ती काढल्याशिवाय कोणीही जाऊ नका, लांबून डोंगराच्या लाल पायऱ्या तेवढ्या दिसतात. रात्री परतल्यावर 'वेटिंग' आणि 'खराब रास्ता' म्हणून तीन हजार जादा घेतले. भाडं, थांबण्याचे पैसे आणि परतीची वेळ हे सगळं निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या.

त्या दिवसाचा एकच फायदा झाला. एका रेल्वे फाटकावर अडकलो आणि समोरून खनिजाचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, गेली. मी तिच्या वाघिणी (डबे) मोजल्या, अठ्ठावन्न भरल्या. म्हणजे साधारण साडेतीन हजार टन माल. आमच्या पुढेमागे खोळंबलेल्या हायवांसारखे दीडशेच्या आसपास लागतील तेवढ्याला. तेव्हा डोक्यात लख्ख झालं की इथे 'जवळ' म्हणजे किलोमीटरमध्ये जवळ नव्हे, रुळावर जवळ. खनिज दक्षिणेला सव्वाशे-दीडशे किलोमीटर, कोळसा उत्तरेला झरियात तेवढ्याच अंतरावर. मधल्या जागी खरकाई आणि सुवर्णरेखेचं पाणी आणि कोलकात्याच्या लोहमार्गावरचं कालीमाटी स्टेशन, तेच १९१९ पासून टाटानगर, जमशेदपूरचं स्टेशन. टनभर पोलादाला आज सुमारे दीड टनावर खनिज आणि पाऊण टनावर कोळसा लागतो. कोळसा सगळा जळून जातो, खनिजातला दगड धातूच्या मळीत (स्लॅगमध्ये) जातो. त्या काळी कोळसा याहून बराच जास्त लागायचा. म्हणून कारखाना या दोन्हींच्या जवळ हवा. कापसाचं तसं नाही. टनभर रुईचं जवळपास टनभर सूत होतं, म्हणून वऱ्हाडचा कापूस मुंबईत नेऊन गिरणी चालवणं परवडलं.

(जमशेदपूरचे दोन दिवस छान गेले. जुबिली पार्क, दोमुहानीचा संगम. त्यासाठी माझ्या सल्ल्याची गरज नाही.)

नोआमुंडीला जायचंच असेल तर हावडा–बडबिल जनशताब्दी पकडा. ती टाटानगरला सकाळी येते, नोआमुंडीला थांबते आणि त्याच दिवशी परत फिरते. खिडकी मिळवा, सगळं रुळावरून दिसतं.

झरियासाठी टाटानगर–धनबाद सुवर्णरेखा एक्स्प्रेस. धनबादहून पुढे स्थानिक माणूस सोबत घ्याच. इथे जमिनीखाली १९१६ पासून आग आहे. तिच्यामुळे २०१७ मध्ये धनबाद–चंद्रपुरा लोहमार्गच बंद करावा लागला होता, २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. जाड तळव्याचे बूट घाला, साध्या चपलेतून जमीन भाजते. भेगांच्या जवळ जाऊ नका. मास्क चांगला हवा. तासाभराहून जास्त थांबू नका, मला दीड तासात डोकेदुखी लागली ती रात्रभर. लोक तिथे संसार करतात, तेव्हा घरांसमोर फोटो काढत फिरू नका.

मला हवं होतं ते एका कोक भट्टीवर मिळालं. कोळसा हवा न लागू देता भाजला की कोक होतो. भट्टीवाल्या काकांनी हातावर कोकचा तुकडा ठेवला. राखाडी, रुपेरी झाक, जाळीदार, उचलायला हलका. दगडावर आपटला तर खणकन वाजला. आमच्याकडचा कोळसा भाजला तर त्याचा असा कोक होत नाही, भुगा होतो. खनिज वितळवून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीत वरून खनिजाचा भार पडतो. तो पेलून मधून हवा खेळती ठेवणारा कोकच लागतो. वरोऱ्याचा कोळसा वीज करायला उत्तम, पण हा भार त्याला पेलवत नाही. तो तुकडा मी बराच वेळ हातात धरून उभा होतो. लहानपणापासूनचा प्रश्न होता माझा.

एवढा प्रवास जमणार नसेल तर पेणजवळ डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाऊन या. तिथे आसपास एकही कोळसा खाण नाही. कोळसा समुद्रमार्गे येतो, धरमतरच्या खाडीत बार्जमधून उतरतो. मुंबईहून एका दिवसात होतं, आणि रस्त्यावर निदान दात करकरत नाहीत.