चौथी कुंडी कोणत्या बीला द्यावी

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, टोरांटोच्या पश्चिमेला असलेल्या आमच्या घराच्या मागील अंगणात, मी गांजाच्या चारही झाडांचे शेंडे भिंगाखाली तपासले आणि चारही झाडांत दाणा भरत असल्याचे आढळले. फुलाच्या बुडाशी असलेला हिरवा कोश नखाने सोलला की आत पांढरट, अजून चीक न आटलेली बी दिसत होती. मे महिन्यापासून ज्या झाडांची निगा राखली, त्यांनी ऐन मोसमात आपली ताकद फुलातील नशा आणणाऱ्या चिकट राळेऐवजी दाण्यात घातली होती. त्यांपैकी तीन झाडे विकत आणलेल्या बियांची होती आणि एक सापडलेल्या बीचे होते. पराग त्या एका झाडाने सोडला होता. ते लावण्याचा निर्णय मी पुरेसा विचार न करता घेतला होता, म्हणून यंदा बी निवडण्यापूर्वी जो विचार केला तो येथे लिहीत आहे.

आधी कायद्याची चौकट सांगणे आवश्यक आहे, कारण निवडीचे सगळे गणित तिच्यातूनच निघते. कॅनडात प्रौढांसाठी गांजा कायदेशीर करणारा कायदा १७ ऑक्टोबर २०१८ रोजी लागू झाला. आमच्या ओंटारिओ प्रांतात १९ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला घरी झाडे लावता येतात, परंतु घरात प्रौढ माणसे कितीही असली तरी एका घराला ४ झाडांचीच मुभा आहे. शेजारच्या क्वेबेक प्रांतात घरी एकही झाड लावता येत नाही, आणि ती बंदी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरवली. अवैध मार्गाने आलेली बी आहे हे माहीत असूनही ती लावणे हाही गुन्हा आहे. सापडलेली बी म्हणून मी ज्या बियांविषयी लिहितो आहे, त्या परवानाधारक दुकानातून घेतलेल्या मालात निघालेल्या आहेत.

अशी बी सापडणे आता विरळ झाले आहे. दुकानातील माल बिनबियांचा असावा यासाठी उत्पादक पुष्कळ काळजी घेतात. त्या वेळी डबी उघडून फूल बशीत मोडताना टणक काहीतरी बोटाला लागले आणि बशीवर टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. मिरीच्या दाण्याहून लहान, करड्या-तपकिरी सालीवर गडद रेघा असलेली, बटेराच्या अंड्याची आठवण करून देणारी बी होती. पुढच्या दोन फुलांत मिळून आणखी चार निघाल्या. हिरवट आणि बोटाच्या चिमटीत फुटणारी बी कच्ची असते. या पाचही पक्क्या होत्या. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाच्या हातून पक्की बी टाकून दिली जात नाही. मी त्या कागदाच्या पुडीत बांधून, वर तारीख लिहून, फ्रीजमध्ये ठेवल्या.

माझे गाव शहादा तालुक्यातले. आमच्याकडे पपई पूर्वीपासून होती आणि पपईत नर-मादी झाडे वेगळी असतात हे खानदेशातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. लहानपणी वडील खाल्लेल्या चांगल्या फळाच्या बिया राखेत चोळून वाळवत आणि दर खड्ड्यात तीन रोपे लावत, कारण कोणते रोप नर निघेल हे फुलोरा येईपर्यंत कळत नसे. लांब देठांवर लोंबणारी फुले दिसली की ते झाड नर, आणि परागासाठी मोजके नर राखून बाकीचे उपटले जात. पुढे त्यांनी तैवान ७८६ या पपईच्या वाणाचे बियाणे घेतले. त्याची किंमत ऐकून आजीने कपाळाला हात लावला होता, परंतु त्यातून मादी आणि उभयलिंगी अशी दोनच प्रकारची झाडे येतात, निव्वळ नर येत नाही, आणि एका खड्ड्यात एकच रोप लावून भागते. वडील म्हणत, "आपण बियाण्याचे पैसे देत नाही, खड्ड्याचे देतो." हे वाक्य मला इथे चार कुंड्यांपुढे उभा असताना आठवले.

गांजाचे झाडही स्वभावतः नर किंवा मादी असते. राळ धरणारे फूल मादीचे, आणि त्यात बी धरू नये असे वाटत असेल तर नराचा पराग आसपास असता कामा नये. पपईत थोडे नर ठेवावे लागतात, येथे एकही चालत नाही. नर आणि मादी यांच्या नैसर्गिक संकरातून आलेल्या बियांत साधारण निम्मी झाडे नर निघतात, म्हणजे चार झाडांच्या मर्यादेत दोन जागा निम्मा उन्हाळा वाया जाण्याची शक्यता धरावी लागते. शेतकऱ्याला तीन रोपे लावून दोन उपटण्याची सोय असते. आम्हाला ती नाही, कारण उपटण्यापूर्वीही ते झाड मोजले जातेच.

मग बिनबियांच्या म्हणून विकलेल्या मालात बी आली कुठून, हा खरा प्रश्न आहे आणि तो मी गेल्या वर्षी स्वतःला विचारला नाही. नराचा पराग चुकून आत शिरला असेल तर पीकच्या पीक दाण्यांनी भरते. एका डबीत चार-पाच बिया निघतात तेव्हा बहुधा असे झालेले असते, की एखाद्या मादी झाडाने ताण आल्यामुळे, किंवा मुळातच तसा कल असल्यामुळे, फुलांमध्ये केळीच्या लहानशा फण्यासारखे पिवळे पुंकेसर काढले आणि स्वतःच्याच फुलांना फळवले. अंधाराच्या वेळात प्रकाश शिरणे, उष्णता, उशिरापर्यंत न केलेली काढणी ही अशा ताणाची नेहमीची कारणे आहेत. अशा बीत नराचे गुणसूत्र नसल्यामुळे तिचे झाड जवळपास नक्कीच मादी येते. सापडलेली बी मादीच निघते, असे अनुभवी लोक सांगतात ते यामुळेच, आणि माझीही मादीच निघाली. जुलैच्या अखेरीस पेऱ्याजवळ दोन पांढरे केस दिसले तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता. परंतु ज्या आईने सहज पुंकेसर काढले तिचा तोच कल लेकीत उतरण्याची शक्यताही तितकीच मोठी असते. ऑगस्टच्या शेवटी झाडाच्या खालच्या, आतल्या फांद्यांवर ते पिवळे फणे आले असणार. मी वरचे शेंडे पाहत राहिलो.

विकत मिळणारी 'फेमिनाइज्ड', म्हणजे केवळ मादी झाडे देणारी, बी हीसुद्धा मादीच्याच परागापासून तयार होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पैदासकार निवडलेल्या मादी झाडावर सिल्व्हर थायोसल्फेटसारखे चांदीचे संयुग फवारतो; चांदीमुळे झाडातील इथिलीन या संप्रेरकाचे कार्य अडते आणि ते झाड नरफुले काढते. त्या परागात केवळ मादी गुणसूत्र असते. दोन्ही बियांचा जन्म वरवर सारखा दिसतो, पण फरक मोलाचा आहे. पैदासकाराने, तो प्रामाणिक असेल तर, ताण देऊनही जे झाड पुंकेसर काढत नाही तेच निवडून त्याला रसायनाने भाग पाडलेले असते. सापडलेल्या बीच्या आईला भाग पाडावे लागले नव्हते. हा एक मुद्दा नीट समजला असता तर माझा गेल्या वर्षीचा मोसम वाचला असता.

दुसरी अडचण वाणाची. आमच्या भागात संकरित कापसाची सरकी कोणी पुन्हा पेरत नाही. १९७० मध्ये सुरतहून एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला तेव्हापासून हे शहाणपण खानदेशाच्या अंगवळणी पडले आहे. हायब्रीडचे बी धरले की पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. दुकानातील गांजाचे बहुतेक वाण अनेक संकरांतून आलेले असतात आणि कलमांनी वाढवलेले असतात. डबीवरचे नाव त्या कलमाचे असते, आतल्या बीचे नसते. जो सुवास आवडला म्हणून बी जपली, तो तिच्या झाडात येईलच असे नाही. येईल ते झाड त्याच घराण्यातले, पण निराळे असेल.

तिसरी गोष्ट मला यंदाच समजली. कॅनडातील अनेक उत्पादक मालावरील बुरशी आणि जंतू मारण्यासाठी त्यावर किरणांची प्रक्रिया करतात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' प्रकल्पात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून विकिरण देतात, हे नाशिककडील लोकांना माहीत आहे. कांद्याला त्यासाठी काही दशक ग्रे (विकिरण मोजण्याचे एकक) इतकी मात्रा पुरते, तर जंतू मारण्यासाठी काही हजार ग्रे लागतात. त्यातून गेलेल्या बीला कधीकधी मोड येतो, कारण आत आधीच तयार असलेल्या पेशी पाणी शोषून ताणल्या जातात. नव्या पेशी मात्र घडत नाहीत आणि रोप तिथेच थांबते. गेल्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एका डबीतल्या दोन बियांची रोपे दोन दले उघडून तीन आठवडे तशीच हिरवी उभी राहिली आणि मग मान टाकून मेली. मी माती बदलली, पाणी कमी केले, खिडकी बदलली. आता वाटते की त्या बियांत वाढण्याची शक्तीच उरली नसावी.

हवामानाचा विचार येथे टाळता येत नाही. टोरांटोत जूनच्या शेवटी दिवस साडेपंधरा तासांच्या आसपास असतो. रात्री पुरेशा लांबल्यावर, ऑगस्टमध्ये, झाड फुलावर येते. ज्या वाणाला फुलोऱ्यानंतर दहा आठवडे लागतात तो ऑक्टोबरच्या अखेरीस पोहोचतो, आणि तोवर थंड पाऊस, करडी बुरशी आणि हिमकण यांनी शेंडे आतून कुजतात. बंद खोलीत दिव्याखाली वाढवलेल्या वाणाला याची फिकीर नसते, म्हणून त्याच्यात सापडलेल्या बीला उत्तरेकडील शरद ऋतू सोसेल याची खात्री देता येत नाही. विकत घेताना मात्र लवकर काढणीला येणारा वाण मागता येतो, किंवा दिवसाच्या लांबीची वाट न पाहता वयानुसार फुलणारा 'ऑटोफ्लॉवर' घेता येतो, जो बीपासून काढणीपर्यंत अडीच-तीन महिन्यांत उरकतो. आमच्यासारख्या उघड्या अंगणात वाढवणाऱ्यांना ही एकच सोय बियाण्याची किंमत वसूल करून देते, असे माझे मत झाले आहे.

विकतचे बियाणे निर्दोष असते असे मात्र नाही. चार बियांच्या पाकिटाला मी पन्नास डॉलरच्या घरात पैसे मोजले आहेत, आणि त्यांतील एक रुजलीच नाही असेही घडले आहे. एकाच नावाच्या दोन पाकिटांतली झाडे उंचीने आणि वासाने वेगळी निघालेली मी पाहिली आहेत. गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरील लेबलवर जसा भरवसा ठेवता येतो, तसा येथल्या नावांवर ठेवता येत नाही. परदेशी बियाणे विक्रेत्यांकडून टपालाने मागवण्याचा मोह होतो, कारण तेथे निवड मोठी असते. पण घरगुती लागवडीसाठी बी सीमेपलीकडून आणणे किंवा पाठवणे कॅनडाच्या कायद्याला मान्य नाही. आणि गावाकडून विचारणाऱ्या नातलगांना माझे कळकळीचे सांगणे आहे की भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय एक झाड लावणेही गुन्हा आहे. येथून बी नेण्याचा विषय माझ्याकडे काढू नये.

इतके सगळे मांडल्यावर सापडलेली बी फेकून द्यावी असे उत्तर निघायला हवे, आणि अंगणापुरते माझे उत्तर तेच आहे. बाहेरच्या तीन कुंड्यांत यंदा विकत आणलेल्या, लवकर येणाऱ्या वाणाच्या फेमिनाइज्ड बिया आहेत. मे महिन्यातील व्हिक्टोरिया डे या सुट्टीच्या शनिवार-रविवारी, रात्रीची थंडी ओसरल्यावर, त्या बाहेर ठेवल्या. पण त्या पुडीतल्या पाचपैकी चार बिया अजून शिल्लक होत्या आणि त्या फुलाचा सुवास, कच्च्या कैरीच्या देठाचा असतो तसा, मला पुन्हा कुठे मिळालेला नाही. दुकानातून तो वाण नाहीसा झाला आहे. कलमांनी वाढवलेला वाण उत्पादकाने सोडून दिला की तो संपतो, आणि मग त्याचा अंश कुणाच्या तरी पुडीतल्या बियांतच उरतो. त्यामुळे ही बी मला केवळ फुकट मिळालेली वस्तू वाटत नाही.

म्हणून चौथी कुंडी तिला दिली आहे, परंतु तळघरात, बंद दाराआड, दिव्याखाली. पराग वाऱ्यावर जातो, अंगणात दहा-पंधरा फूट अंतर ठेवून काही साधत नाही, भिंतच हवी. फेब्रुवारीच्या अखेरीस एक बी ओल्या कागदात ठेवली, तिसऱ्या दिवशी मोड आला, आणि पानांच्या चार जोड्या झाल्यावर रोज बारा तास प्रकाश व बारा तास पूर्ण अंधार असे वेळापत्रक लावले. झाड जेमतेम दोन वीत उंच आहे. रोज सकाळी मी खालच्या फांदीपासून सुरुवात करून प्रत्येक पेरे भिंगाने पाहतो. पांढरे केस तांबूस होऊ लागले आहेत, पिवळा फणा अद्याप दिसलेला नाही. दिसला तर झाड त्याच दिवशी काढायचे असे ठरवले आहे, आणि न दिसला तर काढणीपूर्वी त्याची दोन कलमे घेण्याचा विचार आहे. मात्र कलमाला मुळे फुटली की तेही झाड म्हणूनच मोजावे लागेल, त्यामुळे तोवर अंगणातील कोणती कुंडी रिकामी करायची हे मला ठरवावे लागणार आहे.