अल्फा, बीटा आणि पुन्हा अल्फा

आज टोकियोतल्या नाकानोच्या जुन्या गेम्सच्या दुकानात 'तोक्क्यू शिरेई सोलब्रेन' या गेमची फॅमिकॉम (निन्टेन्डोचा जुना गेम कन्सोल) कॅसेट मिळाली. खोका नाही, लेबल एका कोपऱ्यात सोललेलं. घरी येऊन बसलो तो दिवेलागणीलाच उठलो!

मूळ टीव्ही मालिका जपानच्या तोएई कंपनीची, 1991 सालची. गेम त्याच वर्षी नात्सुमे कंपनीने बनवला. जपानबाहेर तो 'शॅटरहँड' नावाने गेला, त्यात नायकच बदलला, त्यामुळे अनेकांना याचं मूळ ठाऊकच नाही.

हातात बंदूक नाही, नुसत्या मुठी. म्हणजे शत्रूच्या अगदी अंगाला भिडावं लागतं. जाळीच्या कुंपणाला लटकून खालच्याची चाल बघायची, नेमक्या क्षणी उडी टाकायची आणि ठोसा. खोके फोडले की अल्फा किंवा बीटा मिळतं. अशी तीन अक्षरं जमली की एक छोटा रोबो सोबतीला येतो. क्रम बदला, रोबो बदलतो. एकूण आठ! तलवारवाला माझा सर्वात लाडका. तो मार खाऊन नाहीसा झाला तेव्हा खरंच वाईट वाटलं.

लेक शेजारी बसून अक्षरं मोजत होती. "बाबा, ते नको घेऊस, बीटा होऊ दे!" एवढंसं पोर, पण क्रम तिच्या माझ्याआधी लक्षात आला.

लहानपणी गावाकडे अशाच कॅसेटींसाठी आम्ही भावंडं भांडायचो. आज रात्री दादाला व्हिडिओ कॉल करून ही दाखवणार आहे.