काकू, गुडघे

मे महिन्यातला रविवार, बडोद्यात पारा ४२ च्या वर, आणि आमचा दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचा वरचा हॉल म्हणजे नुसती भट्टी, दोन कूलर लावलेले पण तेही गरम हवाच फेकत होते. मी बेली डान्स शिकवते. सुट्ट्यांमुळे उन्हाळ्यात बॅचेस वाढतात, त्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत चार होत्या, आणि नेमकी पुण्याहून माझी मैत्रीण आलेली, फक्त एका दिवसासाठी, रात्रीच्या गाडीने परत.

आम्ही दोघी इथल्याच, सूरसागर तलावाजवळच्या परफॉर्मिंग आर्ट्स कॉलेजातल्या, ती तबला आणि मी भरतनाट्यम. सयाजीरावांचं १८८० मध्ये तंजावरच्या राजकन्येशी लग्न झालं तेव्हा तिच्यासोबत तिकडच्या नर्तकी आणि वादक बडोद्यात आले. म्हणजे लांबून आलेला नाच या गावाला नवा नाही, माझ्या क्लासचं नाव ऐकून कोणी तोंड वाकडं केलं की मी हेच सांगते. आणि अरबीत याला रक्स शर्की म्हणतात, पूर्वेकडचा नाच, पोटाचा नाच हे नाव फ्रेंचांनी चिकटवलेलं.

मी एरवी स्पीकरवरच शिकवते. पण ही बाई डग्गा-तबला घेऊन आली होती! इजिप्तमध्येही तबलाच म्हणतात, पण तो सुरईसारखा, एकाच तोंडाचा, मांडीवर आडवा घेऊन वाजवायचा, मधे मारला की जड दुम आणि कडेला तेक. मकसूम नावाचा ठेका मी तिला ऐकवला, दुम तेक, तेक दुम, तेक, तर म्हणाली, अगं आठच मात्रा आहेत, हा तर केरव्याच्या शेजारच्या घरातला. डग्ग्यावर दुम घेतला, तबल्याच्या चाटीवर, म्हणजे कडेवर, तेक, पाच मिनिटांत बसवला.

खरी गंमत तिसऱ्या बॅचला. बडोद्याच्या बायकांचा एक प्रॉब्लेम आहे, ठेका कानावर पडला की पाय गरब्यासारखे गोल फिरायला लागतात, आणि इथे तर पाय जागेवर ठेवून फक्त कंबर सोडायची असते. त्यातल्या एक काकू, बँकेतून रिटायर झालेल्या, गरब्यात अजून तरण्या मुलींना मागे टाकतात, पण दोन महिने झाले तरी शिमी जमत नव्हती. शिमी म्हणजे कंबरेची ती बारीक थरथर, ती येते गुडघ्यांतून, एक गुडघा वाकतो तेव्हा दुसरा सरळ होतो, हळू सुरू करून वेग वाढवायचा, बाकी सगळं सैल. मी शंभरदा सांगितलं असेल. त्या खूप मन लावून करायच्या आणि जितकं मन लावायच्या तितक्या आखडायच्या.

मैत्रीण वाजवता वाजवता थांबली आणि म्हणाली, काकू, तुम्ही श्वासच घेत नाही आहात. आणि खरंच की! मला दोन महिन्यांत हे दिसलं नव्हतं, मी आपली गुडघ्यांकडेच बघत होते. काकूंनी पोट घट्ट आत ओढून धरलेलं. विचारलं तर म्हणाल्या, "अगं लग्न ठरल्यापासून आई म्हणायची पोट आत घे, आता ते बाहेर कसं सोडायचं तेच विसरले." हॉलमध्ये एकदम शांत झालं, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकीला कोणीतरी कधीतरी हे म्हटलेलं होतं. मलाही. वर अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, पाठ-पोट ताठ धरायची माझी सवय, ती मोडायलाच मला वर्ष लागलं होतं, तरी माझ्या लक्षात येऊ नये याचं मला अजून वाईट वाटतं.

मग आरशावर ओढण्या टाकल्या, काकूंना जमिनीवर झोपवलं, पोटावर त्यांचाच हात ठेवला आणि नुसता श्वास. मैत्रीण अगदी विलंबित लयीत दुम देत होती. मग उठवलं, आणि ती मधून मधून फक्त म्हणायची, "काकू, गुडघे." लय हळूहळू चढवली आणि चढता चढता कंबरेच्या ओढणीची नाणी एकसारखी वाजायला लागली, तुटक नाही, सलग. काकू स्वतःच दचकल्या, मग इतक्या हसल्या की शिमी बंद पडली, मग परत सुरू केली.

चौथी बॅच कशी गेली आठवत नाही. संध्याकाळी सगळ्याजणी मिळून सेवउसळ खायला गेलो, वर वरियाळीचं, म्हणजे बडीशेपेचं सरबत, काकूंनी कोणाला पैसे देऊ दिले नाहीत. मैत्रिणीला स्टेशनवर सोडलं.

मी ती तिसरी बॅच फोनवर रेकॉर्ड केली होती. आता सोमवारी स्पीकरवर तेच लावते, मधेच तिचा आवाज येतो, "काकू, गुडघे", आणि सगळ्या बॅचचे गुडघे सैल पडतात.